धातूंची सूक्ष्म धूळ आणि हृदयाची पेशी

जून उजाडला की मालवण तालुक्याच्या किनाऱ्यावरील होड्या पाण्याबाहेर ओढल्या जातात. जून व जुलै या दोन महिन्यांत यांत्रिक नौकांच्या मासेमारीस बंदी असते. सर्जेकोट, दांडी, तारकर्ली, देवबाग येथे होड्या झापांनी व ताडपत्रीने शाकारल्या जातात आणि नारळी पौर्णिमेपूर्वी त्यांची डागडुजी हाती घेतली जाते. तळाचा जुना रंग खरवडणे, पॉलिश पेपरने घासणे, लोखंडी भागांचे वेल्डिंग करणे व नवा रंग देणे ही कामे आडोशाला, अनेकदा घराच्या पडवीलगतच चालतात. त्या वेळी उडणाऱ्या धुळीचा आणि निघणाऱ्या धुराचा विचार डोळे चुरचुरण्यापलीकडे सहसा केला जात नाही. तथापि अशा धुळीतील व धुरातील अतिसूक्ष्म कणांचा हृदयाच्या पेशींवर परिणाम होतो काय, हा प्रश्न गेल्या दोन दशकांत जगभरच्या संशोधकांनी अभ्यासास घेतला आहे. त्यांच्या निष्कर्षांचा किनाऱ्यावरील श्रमिकांशी निकटचा संबंध आहे.

परिचित पदार्थ, निराळे रूप

धातूचा प्राणवायूशी संयोग होऊन बनणाऱ्या पदार्थास त्या धातूचे ऑक्साइड म्हणतात. वेंगुर्ले तालुक्यातील रेडीच्या खाणीतून निघणारे खनिज म्हणजे मुख्यतः लोखंडाचे ऑक्साइडच होय. पांढऱ्या रंगात टायटॅनियमचे, तर त्वचेच्या मलमात जस्ताचे ऑक्साइड असते. होडीच्या तळाला शेवाळ व कवचधारी जीव चिकटू नयेत म्हणून लावल्या जाणाऱ्या अनेक रंगांत तांब्याचे ऑक्साइड असते. आयुर्वेदातील जसद भस्म हेही जस्ताचे ऑक्साइड असून त्यात अतिसूक्ष्म कण असल्याचे मुंबईच्या आय.आय.टी.तील संशोधकांनी २००९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दाखविले.

एका मिलिमीटरचे दहा लाख भाग केले असता त्यातील एक भाग म्हणजे एक नॅनोमीटर. १ ते १०० नॅनोमीटर आकाराच्या कणांस नॅनो कण म्हणतात. माणसाच्या केसाची जाडी सुमारे ८० हजार नॅनोमीटर असते, यावरून त्यांच्या सूक्ष्मतेची कल्पना यावी. खडेमिठापेक्षा बारीक मीठ पाण्यात लवकर विरघळते, कारण त्याचा अधिक पृष्ठभाग पाण्याच्या संपर्कात येतो. एक सेंटिमीटर बाजूच्या घन तुकड्याचा पृष्ठभाग अवघा ६ चौरस सेंटिमीटर असतो. त्याच तुकड्याचे १० नॅनोमीटरचे घन कण केल्यास एकूण पृष्ठभाग ६०० चौरस मीटर, म्हणजे जवळजवळ सहा गुंठे होतो. म्हणूनच ढेकळाच्या रूपात निरुपद्रवी वाटणारा पदार्थ या रूपात अधिक क्रियाशील ठरू शकतो.

रंगातील बहुतेक कण नॅनो कणांहून मोठे असतात, हे येथे स्पष्ट केले पाहिजे. वेल्डिंगच्या धुराची गोष्ट वेगळी. वितळलेल्या धातूची वाफ हवेत थंड होताना लोखंड, मँगेनीज व जस्त यांच्या ऑक्साइडांचे खरेखुरे नॅनो कण तयार होतात. यास्तव डागडुजीच्या कामांत वेल्डिंगकडे सर्वाधिक लक्ष देणे आवश्यक आहे.

हृदयाची पेशी

हृदय दिवसाकाठी सुमारे एक लाख वेळा आकुंचन पावते. त्यासाठी लागणारी ऊर्जा पेशीतील तंतुकणिका निर्माण करतात. हृदयाच्या स्नायूपेशीचा जवळजवळ एक तृतीयांश भाग या तंतुकणिकांनीच व्यापलेला असतो. प्रत्येक ठोक्याला पेशीत कॅल्शियम सोडले जाते व पुन्हा आत घेतले जाते. या भरती-ओहोटीवर हृदयाचा ताल अवलंबून असतो.

त्वचेची पेशी गेली तर तिची जागा नवी पेशी घेते. हृदयाचे तसे नाही. पंचवीस वर्षांच्या व्यक्तीच्या हृदयात वर्षाकाठी सुमारे एक टक्का स्नायूपेशीच नव्याने तयार होतात आणि वय वाढेल तसे हे प्रमाण आणखी घटते, असे २००९ साली स्वीडनमधील संशोधकांनी दाखविले. हृदयाच्या पेशींची हानी सहजासहजी भरून निघत नाही, ती यामुळेच.

कण हृदयापर्यंत जातात काय?

श्वासाबरोबर आत गेलेली जाड धूळ नाकात व घशात अडकते. नॅनो कण मात्र फुप्फुसातील वायुकोशांपर्यंत पोहोचतात आणि त्यांतील काही अंश रक्तात उतरतो. २०१७ साली एडिंबरो येथील संशोधकांनी स्वयंसेवकांना सोन्याचे निरुपद्रवी नॅनो कण श्वासावाटे दिले. ते सोने पुढे त्यांच्या रक्तात व लघवीत आढळले. तीन महिन्यांनंतरही त्याचा अंश लघवीत सापडत होता. २०१९ साली मेक्सिको शहरातील तरुण रहिवाशांच्या मरणोत्तर तपासणीत हृदयाच्या ऊतींत लोहयुक्त नॅनो कण अब्जावधींच्या संख्येने दिसून आले. त्यांतील काही थेट तंतुकणिकांत होते व त्या तंतुकणिकांची हानी झालेली होती. त्या शहरातील हवेचे प्रदूषण हे या कणांचे उगमस्थान मानले गेले.

पेशीत शिरलेला कण दोन-तीन मार्गांनी अपाय करू शकतो. त्याच्या पृष्ठभागावर प्राणवायूची अतिक्रियाशील रूपे निर्माण होतात व ती तंतुकणिकांना इजा पोहोचवितात. जस्त व तांबे यांच्या ऑक्साइडचे कण पेशीतील आम्लधर्मी कोशात विरघळतात आणि सुटे झालेले धातूचे आयन विषारी ठरतात. टायटॅनियमचे ऑक्साइड फारसे विरघळत नाही. परंतु इटलीतील पार्मा येथे २०१४ साली झालेल्या प्रयोगांत त्याच्या नॅनो कणांमुळे उंदरांच्या हृदयपेशींची विद्युत्‌क्रिया बदलली व हृदयाचा ताल बिघडण्याची शक्यता वाढली.

दुसरी बाजू

एवढ्यावरून धातूंच्या ऑक्साइडांना सरसकट दोषी धरणे शास्त्राला धरून होणार नाही. प्रयोगशाळेत पेशींना दिलेली मात्रा बहुधा प्रत्यक्ष जीवनातील मात्रेहून पुष्कळ अधिक असते. सीरियमच्या ऑक्साइडच्या नॅनो कणांनी हृदयविकार जडलेल्या उंदरांच्या हृदयाचे रक्षण केल्याचे २००७ साली आढळले. लोहाच्या ऑक्साइडचे नॅनो कण असलेले एक औषध तर अमेरिकेत २००९ पासून मूत्रपिंडाच्या रुग्णांच्या रक्तक्षयावर दिले जाते. तारकर्लीच्या समुद्रात डुबकी मारणारे पर्यटक त्वचेस जस्ताचे ऑक्साइड असलेले क्रीम लावतात, तेही धडधाकट त्वचेतून शरीरात फारसे शिरत नाही. कण कोणता, किती आणि कोणत्या मार्गाने शरीरात गेला, यावर सारे अवलंबून आहे. या मार्गांपैकी श्वासाचा मार्ग सर्वांत चिंतेचा होय.

किनाऱ्यावर काय करता येईल?

जस्ताचा मुलामा असलेल्या लोखंडाचे वेल्डिंग केल्यावर काही तासांनी थंडी वाजून ताप येतो व तो दीड-दोन दिवसांत उतरतो. धातूच्या धुराचा हा ताप फार पूर्वीपासून ज्ञात आहे. सिंधुदुर्गात पावसाळ्यात लेप्टोस्पायरोसिस व हिवताप यांचीही भीती असते. म्हणून ताप येताच प्राथमिक आरोग्य केंद्रात जावे आणि आदल्या दिवशी कोणते काम केले तेही डॉक्टरांना सांगावे. धुराचाच ताप असेल असे समजून घरी थांबणे जिवावर बेतू शकते.

दूध प्याल्याने वा गूळ खाल्ल्याने धूळ उतरते, हा समज कारखान्यांतून रूढ आहे. पोटात गेलेला पदार्थ फुप्फुसातील धूळ काढू शकत नाही. तोंडाला बांधलेला रुमाल किंवा पंचाही सूक्ष्म कण अडवीत नाही. नीट बसणारा एन-९५ मुखपट मात्र ते बव्हंशी अडवितो. अतिसूक्ष्म कण हवेत सैरभैर फिरत असल्याने मुखपटाच्या तंतूंवर आदळून तेथेच चिकटतात. रंग कोरडा न घासता पाणी लावून घासावा. वेल्डिंग मोकळ्या हवेत, वाऱ्याकडे पाठ न करता धूर बाजूला वाहून जाईल अशा बेताने करावे. खरवड ताडपत्रीवर गोळा करावी व खाडीत टाकू नये, कारण कालवांच्या शरीरात तांबे साठत जाते. लहान मुलांना कामाच्या जागेपासून दूर ठेवावे.

यांपैकी कोणत्याही उपायास मोठा खर्च नाही. ग्रामपंचायतींनी डागडुजीसाठी वस्तीपासून दूर मोकळी जागा नेमून द्यावी, मच्छीमार सहकारी संस्थांनी मुखपट एकत्रित खरेदी करावेत आणि शिक्षकांनी खडेमिठाचे साधे उदाहरण घेऊन हा विषय वर्गात मांडावा. छातीत दुखल्यास दोष धुळीला देऊन स्वस्थ बसू नये. तंबाखू, रक्तदाब व मधुमेह ही हृदयविकाराची प्रमुख कारणे आजही कायम आहेत. नारळी पौर्णिमेला होडी पुन्हा पाण्यात लोटली जाते, तेव्हा तिचा तळ जसा निर्धोक असावा लागतो, तसेच ती वल्हविणाऱ्याचे हृदयही निर्धोक राहिले पाहिजे. होडीला दरसाल नवा रंग देता येतो. हृदयाच्या पेशीची डागडुजी तितकी सोपी नाही.