पाठ-टिपण : धूर एका देशाचा, हानी दुसऱ्याची

हेतू : नियमित नोंदींवाचून न्याय्य कायदा होत नाही, हे विद्यार्थ्यांस उदाहरणाने समजावून देणे.

विवेचन : दक्षिण नॉर्वे व स्वीडन येथील सरोवरांतून मासे नाहीसे होऊ लागले. जवळपास मोठे कारखाने नसता पाणी आम्लयुक्त कशाने झाले? पावसाच्या पाण्याचे रासायनिक पृथक्करण करणारी केंद्रे तेथे अनेक वर्षे नोंदी ठेवीत होती. त्यांच्या आधारे स्वीडनचे मृदाशास्त्रज्ञ स्वांते ओदेन यांनी १९६७ मध्ये दाखवून दिले की, ब्रिटन व मध्य युरोपातील धुरामधील गंधक वाऱ्याबरोबर शेकडो मैल वाहत येते आणि गंधकाम्ल होऊन पावसावाटे उतरते.

हे सर्वांस सहजासहजी पटले नाही. पुढे अनेक राष्ट्रांनी मिळून मोजमाप केले व १९७९ मध्ये जिनीव्हा येथे करार झाला. १९८० च्या मानाने गंधकाचे उत्सर्जन १९९३ पर्यंत निदान ३० टक्के घटविण्याचे १९८५ मध्ये हेलसिंकी येथे ठरले. ब्रिटनने त्यावर सही केली नाही. परंतु १९९४ च्या ओस्लो करारावर केली. त्या करारात जमीन व पाणी किती आम्ल सोसू शकते, हे संशोधनाने ठरवून त्यावरून प्रत्येक देशाचा वाटा नेमला गेला.

पद्धती : फळ्यावर युरोपचा नकाशा काढून नैर्ऋत्येकडून येणारे वारे बाणांनी दाखवावेत.

प्रश्न : (१) मासे का मेले? (२) नोंदी नसत्या, तर नॉर्वेच्या कोळ्यांची तक्रार कोणी मानली असती काय?