आकाशाचे दार : श्रीकृष्ण वेलिंकर ते हृषिकेश मूळगावकर

आपल्या गावच्या राजवाड्यातील शस्त्रागार पाहिले नाही असा विद्यार्थी आपल्या महाविद्यालयात विरळाच. तलवारी, कट्यारी, भाले, बंदुका यांच्या रांगांमधून हिंडताना शेकडो वर्षांचा इतिहास डोळ्यांपुढून सरकतो. हा संग्रह ज्यांच्या आस्थेमुळे उभा राहिला ते श्रीमंत फत्तेसिंहराव भोसले १९२३ मध्ये निवर्तले. त्यांच्याच हयातीत, पहिल्या महायुद्धाच्या काळात, युद्ध जमिनीवरून आकाशात गेले. तलवारीच्या युगाची साक्ष आपण गावातच पाहतो. परंतु त्या नव्या युगात पहिल्याने उतरलेला मराठी मुलखातील माणूस कोण, हे आपल्यापैकी फारच थोड्यांना ठाऊक असते. त्याची ओळख करून देणे आणि त्याच्या मागून आलेल्यांची वाट कशी मोकळी झाली हे पाहणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

ब्रिटिशांच्या लष्करी विमानदलाची, म्हणजे रॉयल फ्लाइंग कोअरची, स्थापना १९१२ ची. दोनच वर्षांत महायुद्ध पेटले. लाखो हिंदी शिपाई फ्रान्समध्ये आणि मेसोपोटेमियात लढत होते. परंतु बादशाही सनद, म्हणजे 'किंग्ज कमिशन', धारण करणारा लढाऊ अधिकारी होणे हिंदी माणसाला जवळजवळ अशक्य होते. याचे कारण उघड आहे. अधिकारी म्हटला की गोऱ्या शिपायाने त्याला सलाम करावयाचा, त्याचा हुकूम पाळावयाचा! प्रश्न शौर्याचा नव्हता, अधिकाराचा होता.

अशा काळात चार हिंदी तरुण या दलात वैमानिक अधिकारी झाले. हरदितसिंग मलिक हे ऑक्सफर्डचे विद्यार्थी. इंग्रजांकडे दाद लागेना, म्हणून ते फ्रेंचांकडे गेले व त्यांच्यासाठी रुग्णवाहिका हाकू लागले. फ्रेंच विमानदल आपल्याला घ्यावयास तयार आहे असे त्यांनी आपल्या प्राध्यापकांना कळविले. प्राध्यापकांनी जनरल हेंडरसन यांना पत्र लिहिले आणि १९१७ मध्ये दार किलकिले झाले. दुसरे कलकत्त्याचे इंद्रलाल रॉय. त्यांनी जुलै १९१८ मध्ये सुमारे दोन आठवड्यांत शत्रूची दहा विमाने पाडली आणि २२ जुलै रोजी वयाच्या एकोणिसाव्या वर्षी ते धारातीर्थी पडले. तिसरे एरोल चंदर सेन हे सप्टेंबर १९१७ मध्ये जर्मनांच्या हाती सापडले. चौथे मुंबईचे लेफ्टनंट श्रीकृष्ण वेलिंकर. आडनावावरूनच कोकण-गोव्याशी असलेले त्यांचे नाते कळून येते.

वेलिंकरांची नेमणूक तेविसाव्या स्क्वाड्रनमध्ये होती. हे स्क्वाड्रन १९१८ मध्ये 'सॉपविथ डॉल्फिन' जातीची विमाने वापरीत असे. एक आसन, दोनशे अश्वशक्तीचे इंजिन, लाकडी सांगाडा व त्यावर ताणलेले कापड असे हे विमान होते. त्यात वैमानिकाचे डोके वरच्या पंखाच्याही वर उघडे राहत असे. त्यामुळे चहूकडचे आकाश स्वच्छ दिसे. परंतु उतरताना विमान उलटलेच तर सगळा भार त्याच्या मानेवर येई. ब्रिटिश वैमानिकांना त्या काळी हवाई छत्रीही दिली जात नसे. विमान पेटले तर जळणे किंवा उडी टाकणे एवढे दोनच मार्ग उरत. हे सारे जाणून ही माणसे रोज सकाळी विमानात बसत, हे ध्यानात घेतले पाहिजे.

२७ जून १९१८ रोजी गस्तीवर गेलेले वेलिंकरांचे विमान परतले नाही. ३० जून १९१८ ही त्यांच्या मृत्यूची नोंदलेली तारीख आहे. फ्रान्समध्ये, सोम नदीच्या परिसरातील हँगार्ड गावच्या दफनभूमीत त्यांचे स्मारक आहे. मुंबईपासून हजारो मैलांवर, परक्या मातीत हा मराठी मुलखातला तरुण विसावला आहे.

येथे एक प्रश्न कोणीही विचारील. ज्यांनी आपणांस गुलाम केले त्यांच्या युद्धात मेलेल्यांचे कौतुक आपण कशाला करावयाचे? प्रश्न रास्त आहे. परंतु त्याच वर्षी लोकमान्य टिळकांनी घेतलेली भूमिका आठवून पाहावी. हिंदी लोकांना सैन्यात अधिकारपदे देण्याचे वचन सरकारकडून मिळवा, मी महाराष्ट्रातून पाच हजार माणसे देतो, असे त्यांनी गांधीजींना कळविले आणि हमी म्हणून पन्नास हजार रुपयांचा धनादेश पाठविला. मदत ही सौद्याची बाब होऊ नये या विचाराने गांधीजींनी तो परत केला. टिळकांना मात्र पुरते कळले होते की, नुसते शिपाई पुरविणारा देश चाकरच राहतो. स्वतःचे अधिकारी असतील तरच त्याला स्वतःचे सैन्य उभारता येते. वेलिंकरांच्या खांद्यावरील लेफ्टनंटच्या चिन्हाचे महत्त्व या दृष्टीने पाहावयास हवे.

युद्ध संपले आणि दार पुन्हा लागले. ही अधिकारपदे युद्धापुरतीच होती. चार जणांनी योग्यता सिद्ध केली होती, दोघांनी त्यासाठी प्राण दिले होते. तरी विमानदलाचे क्रॅनवेल येथील विद्यालय हिंदी तरुणांना बंदच राहिले. सैन्याच्या हिंदीकरणाची मागणी कायदेमंडळात सतत होत राहिली, तेव्हा १९२५ मध्ये स्कीन समिती नेमली गेली. क्रॅनवेलचा प्रवेश खुला करावा अशी शिफारस तिने केली आणि १९३० मध्ये पहिले हिंदी विद्यार्थी तेथे दाखल झाले. ८ ऑक्टोबर १९३२ रोजी हिंदी विमानदल कायद्याने स्थापन झाले आणि १ एप्रिल १९३३ रोजी कराचीजवळील ड्रिग रोड येथे त्याचे पहिले स्क्वाड्रन उभे राहिले. त्याच्याजवळ विमाने होती अवघी चार, तीही जुन्या 'वापिती' जातीची! वेलिंकरांच्या मृत्यूनंतर या गोष्टीला जवळजवळ पंधरा वर्षे लागली.

आता दुसरे चरित्र पाहू. हृषिकेश मूळगावकर यांचा जन्म १४ ऑगस्ट १९२० रोजी, म्हणजे वेलिंकर गेल्यानंतर दोन वर्षांनी झाला. १९४० मध्ये, वयाच्या विसाव्या वर्षी, ते विमानदलात अधिकारी झाले. त्यांना कोणा जनरलकडे चिठ्ठी न्यावी लागली नाही, कारण शिरावयास आता स्वतःचे दल होते. १९४७-४८ च्या काश्मीर मोहिमेतील कामगिरीबद्दल त्यांना महावीरचक्र मिळाले. पुढे पायरीपायरीने चढत १ फेब्रुवारी १९७६ रोजी ते भारतीय हवाईदलाचे प्रमुख झाले. त्या पदावर बसलेले ते पहिले मराठी अधिकारी होत. १९७८ मध्ये ते निवृत्त झाले व २०१५ मध्ये, चौऱ्याण्णवाव्या वर्षी, निवर्तले. त्यांच्यानंतर अनिल टिपणीस, प्रदीप नाईक आणि मूळचे नांदेड जिल्ह्यातील विवेक राम चौधरी हे मराठी अधिकारी त्या पदावर पोहोचले.

ही दोन चरित्रे शेजारी ठेवली म्हणजे एक गोष्ट स्पष्ट होते. धाडसात वेलिंकर कोणाहून उणे नव्हते. उणीव होती ती त्यांच्या पाठीशी उभ्या राहणाऱ्या संस्थेची. एकट्याचे कर्तृत्व दार क्षणभर ढकलू शकते. ते उघडे ठेवावयास कायदा लागतो, विद्यालय लागते आणि त्यासाठी वर्षानुवर्षे भांडणारी माणसे लागतात.

या दार उघडण्याचा अर्थ आपल्या भागाने अगदी जवळून पाहिला आहे. सप्टेंबर १९४८ मध्ये निजामाच्या राज्याची सरहद्द आपल्या उशालाच होती. १३ सप्टेंबर रोजी भारतीय सेना सोलापूरहून नळदुर्गकडे निघाली, तेव्हा तिच्या साहाय्यास पुण्याहून 'टेंपेस्ट' विमाने झेपावली. नळदुर्ग येथून फार दूर नव्हे. तीस वर्षांपूर्वी ज्या देशाच्या चारच तरुणांना परक्या दलात, तेही तात्पुरती, जागा मिळाली होती, त्याच देशाचे स्वतःचे विमानदल आता आपल्या माथ्यावरच्या आकाशात स्वतःच्या सरकारच्या हुकमाने वावरत होते.

पुढच्या खेपेस शस्त्रागारात गेल्यावर त्या तलवारींच्या पलीकडचे एक पान म्हणून हँगार्डच्या त्या स्मारकाची आठवण ठेवावी, एवढीच वाचकमित्रांना विनंती.