चि. बाळूस, घोडीच्या कफाविषयी

महू



तू पाठवलेला व्हिडिओ नीट पाहिला. अंगात ताप नाही, चंदी खाते, पण तोबरा बांधला की घोडी ढासते आणि वरातीहून परतली की दोन्ही नाकपुड्यांतून पांढरट, चिकट शेंबूड येतो. महिनाभर हेच चाललंय आणि तू तिला खोकल्याच्या बाटल्या पाजतो आहेस. रोग रेड्याला आणि औषध पखालीला!

हा बहुधा दमा आहे. घोड्यांनाही होतो. पूर्वी त्याच्या सौम्य आणि तीव्र रूपांना वेगळाली नावं होती. 2016 पासून पशुवैद्य सगळ्यांना 'घोड्यांचा दमा' असंच म्हणू लागले. मूळ धुळीत: भुशाची धूळ, दमट गवतावरची बुरशी.

आता कफाचं समजून घे, कारण तिथेच तुझी गफलत होते आहे. निरोगी घोडीच्या श्वासनळीतही कफाचा पातळ थर असतोच. धूळ त्यात अडकते, नळीच्या आतली सूक्ष्म लव तो घशाकडे ढकलते आणि घोडी तो गिळून टाकते. दम्यात कफ गाळणाऱ्या पेशीच वाढतात आणि म्युसिन नावाचं प्रथिन भरमसाट सोडतात. शिवाय न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी झुंडीने येतात आणि तिथेच मरतात. त्यांच्यातला डीएनए कफात मिसळला की त्याला पाकासारखी तार सुटते. मग तो लवेला हलत नाही. बारीक नळ्यांत त्याची बुचं बसतात. फुप्फुस धुऊन काढलेल्या पाण्यात निरोगी घोड्याच्या पेशींपैकी शंभरात पाचाच्या आत न्यूट्रोफिल असतात. तीव्र दम्यात पंचवीसच्या वर जातात. आणि नाक कोरडं दिसलं म्हणून नळी साफ आहे असं धरून चालू नकोस. बराचसा कफ पोटातच जातो. म्हणून डॉक्टर दुर्बीण घालून श्वासनळीतला कफ 0 ते 5 अशा मापाने मोजतात. महूच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात एकदा दाखवून आण.

मात्र शेंबूड पिवळा किंवा रक्ताळ झाला, नाकात व्रण दिसले, अंगावर गाठी उठल्या, ताप आला, तर दमा विसर. ग्लँडर्स या रोगाची शंका घ्यायची. तो माणसालाही होतो आणि जिवावर बेततो. घोडी वेगळी बांध, तिची बादली दुसऱ्या जनावराला लावू नकोस आणि सरकारी दवाखान्यात लगेच कळव. संसर्गजन्य पशुरोगांच्या 2009 च्या कायद्याने ते बंधनकारक आहे. रक्ताची तपासणी हिस्सारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्रात होते.

दमाच असेल तर तोबरा आजपासून बंद. कोरड्या भुशात नाक खुपसून श्वास घ्यायला लावायचं आणि वर खोकते म्हणून तक्रार करायची, हे बरं नव्हे. चारा पाण्यात बुडवून ओला असतानाच खायला घाल. वाळला की धूळ पुन्हा उडते. गव्हाण जमिनीलगत ठेव, कारण मान खाली गेली की कफ पुढे वाहून येतो. टेम्पोत तासन् तास डोकं वर बांधून नेलंस तर तो आतच साचतो. झाडलोट घोडी बाहेर असतानाच कर. तबेल्याशेजारच्या छपाईच्या कारखान्यात बाटिकचं मेण तापून धूर होतो, त्या बाजूची खिडकी बंद ठेव आणि दुसऱ्या बाजूची उघड.

डेक्सामेथासोनच्या सुईने आराम पडेल, पण धूळ तशीच राहिली तर पैसे पाण्यात. शिवाय अति झालं तर खुरांच्या आत सूज येऊन घोडी लंगडी होऊ शकते. डॉक्टरांनी सांगितल्यावाचून सुई टोचायची नाही. आणि ते देशी पाजायचं खूळ सोड. दारू काळभैरवाच्या नैवेद्याला असू दे. घोडीच्या घशात नळीने ओतलेली श्वासनळीत गेली तर न्यूमोनिया होतो.

चारा बदलल्यावर काही आठवड्यांत फरक दिसेल, पण दमा मुळासकट जात नाही. धाप थांबली तरी नळीत कफ थोडा जास्त राहतोच, त्यामुळे हे पथ्य कायमचं.

रोज सकाळी ती शांत उभी असताना कुशीकडे बघून श्वास मोज. मिनिटाला आठ ते सोळा ठीक. त्याहून वर गेले, कुशी भात्यासारख्या चालू लागल्या, तर त्या दिवशीची वरात घेऊ नकोस. विसार परत दे आणि मला फोन कर.

तुझा,
काका