खाडीतला दार लावणारा शंख



या वेळी 'परिसर अभ्यास' हे सदर लिहायची पाळी माझी आहे. गुरुजी म्हणाले, "पुस्तकातलं उतरवून काढू नकोस. जे रोज पायाखाली येतं त्यावर लिही." म्हणून मी आमच्या खाडीतल्या एका लहान शंखावर लिहीत आहे. यात माझी एक चूकही आहे. तीही लिहितो.

शंख कुठे सापडला?

सुकतीच्या वेळी आजी कोयती घेऊन कालवे काढायला जाते. मी तिच्याबरोबर गेलो होतो. कांदळाच्या मुळांवर आणि दगडांच्या खालच्या बाजूला करवंदाएवढे चपटे शंख चिकटलेले होते. पाठीवर तपकिरी रंग आणि त्यावर नागमोडी बारीक रेघा. उलटा केला तर तोंडाजवळ तांबूस जांभळट गुळगुळीत पडदी. तोंड अर्ध्या चंद्रासारखे. मी बारा शंख पिशवीत घातले. आजी म्हणाली, "ह्यां कित्याक व्हयां तुका? ह्येच्यात खाऊक काय नाय." तरी मी ते आणले.

नाव काय?

गुरुजींनी पुस्तकात पाहून सांगितले, की हे नेरिटिड कुळातले शंख आहेत. या कुळातले काही समुद्राच्या खडकावर राहतात, काही खाडीच्या मचूळ पाण्यात, तर काही नदीच्या गोड्या पाण्यात. फ्रान्सच्या लामार्क या शास्त्रज्ञाने १८१६ साली यांच्यातल्या एका प्रजातीला 'नेरिटिना' हे नाव दिले. आपल्या खाडीतल्या जातीला ग्मेलिन या जर्मन शास्त्रज्ञाने १७९१ सालीच 'व्हायोलेसिया', म्हणजे जांभळी, असे नाव दिले होते. पुढे ती पुष्कळ वर्षे नेरिटिनातच धरत. आता तिला 'नेरिप्टेरॉन' या जवळच्या प्रजातीत घालतात. नाव बदलले तरी शंख तोच आहे.

मी काय पाहिले?

एका मोठ्या काचेच्या बरणीत खाडीचे पाणी भरले. शेवाळ धरलेला एक दगड आत ठेवला आणि बारा शंख सोडले. तोंडाला फडके बांधले, कारण हे शंख रात्री पाण्याबाहेर चढून येतात.

पहिली गोष्ट. दुसऱ्या दिवशी हिरव्या दगडावर नागमोडी स्वच्छ वाटा उमटल्या होत्या. या प्राण्याची जीभ किसणीसारखी असते. तिच्यावर बारीक दातांच्या ओळी असतात. त्याने तो शेवाळ खरवडून खातो. खाडीतले दगड असे रोज घासून निघतात.

दुसरी गोष्ट. बोट लावले की प्राणी आत जातो आणि दार घट्ट लावतो. गोठ्याच्या दाराला जशी आतून खीळ असते, तशी याच्या झाकणाला आतल्या बाजूने खुंटी असते. ती शंखाच्या कडेला अडकते. ओहोटीला ऊन लागते, पावसाळ्यात खाडीला एकदम गोडे पाणी येते. अशा वेळी हा थोडे पाणी आत धरून दार लावून बसतो.

तिसरी गोष्ट. आठवड्याने काचेवर आणि इतर शंखांच्या पाठीवर तिळासारखे पांढरे ठिपके दिसले. मला वाटले बुरशी आली. गुरुजींनी भिंगातून दाखवले. ती अंड्यांची पाकिटे होती! एकेका पाकिटात पुष्कळ अंडी असतात. या शंखांत नर वेगळा आणि मादी वेगळी असते.

माझी चूक

बरणीतले पाणी कमी झाले. खाडीवर जायचा मला कंटाळा आला. नळाला त्याच दिवशी टीसीएल पावडर टाकलेले पाणी आले होते. तेच मी अर्धी बरणी ओतले. सकाळी चार शंख तळाशी पडले होते. दारे उघडी होती आणि वास येत होता. मला फार वाईट वाटले. दार लावून बसणाऱ्याला उन्हापासून, गोड्या पाण्यापासून वाचता येते, पण पावडरपासून वाचता आले नाही.

मेलेल्यांपैकी एक शंख गुरुजींनी फोडला. गोगलगायीच्या शंखात शेवटपर्यंत जिना असतो. यात तसा नव्हता. आत एकच रिकामी खोली होती. वाढताना हा प्राणी आतल्या भिंती स्वतःच विरघळवून टाकतो, म्हणजे आत जास्त पाणी मावते.

पिल्ले कुठे जातात?

उरलेले आठ मी खाडीच्या पाण्यात वाचवले. पुढे एका सकाळी ठिपक्यांची टोपणे उघडलेली दिसली. पिल्ले मात्र एकही दिसले नाही. त्याचे कारण असे, की अंड्यातून लहान शंख निघत नाही. बेडकाचा जसा आधी बेडूकमासा होतो, तसा याचा आधी डोळ्यांना न दिसणारा डिंभ होतो. तो पाण्याबरोबर वाहत खाऱ्या पाण्यात जातो, तिथे वाढतो, मग शंख धरून तळाला बसतो. बरणीत त्याला जायला वाट नव्हती.

नदीत राहणाऱ्या नेरिटिनाची पिल्ले तर समुद्रातून परत नदी चढतात. मध्य अमेरिकेतल्या कोस्टारिका देशात ती हजारोंनी एकत्र वर चढताना पाहिली आहेत. हवाई बेटांवर 'हिहीवाई' नावाचा असाच शंख आहे. तिथले लोक तो खातात. पण तिथे उसाच्या मळ्यांसाठी ओढ्यांचे पाणी कालव्यांनी वळवले गेले. ज्या ओढ्याचे पाणी समुद्रापर्यंत पोचत नाही, त्यात पिल्ले चढणार कशी? तिथे हा शंख कमी झाला. युरोपातल्या नद्यांत मात्र यांचा एक भाऊ आहे, थिओडॉक्सस. तो समुद्रात जात नाही. त्याच्या पाकिटातून एकच पिल्लू बाहेर येते आणि बाकीची अंडी त्याचे अन्न होतात.

मोठ्यांना विनंती

उन्हाळ्यात वहाळाच्या कोंडीत पाणी साचते. तेव्हा कोणी कोणी मासे मारायला पावडर टाकतात. माझे काकाही टाकतात. माझ्या बरणीत थोड्याशा पावडरच्या पाण्याने चार शंख मेले. कोंडीत मूठभर टाकली तर मासे, झिंगे, खेकडे, शंख, त्यांची पिल्ले सगळेच जाते. खाणारे मासे दहा आणि मरणारे जीव किती, ते कोण मोजतो? मी काकांना ती चार झाकणे दाखवली. ते काही बोलले नाहीत. पण झाकणे हातात घेऊन बराच वेळ बघत होते. शेवटी एवढेच म्हणाले, "यंदा पाग घेऊन जाऊ."

आठ शंख मी जिथून आणले तिथेच, त्याच कांदळाखाली सोडले.

वर्गमित्रांनो, सांगा पाहू

१. शंखाच्या झाकणाला खुंटी कशासाठी असते?
२. बरणीत पिल्ले का वाढली नाहीत?
३. आपल्या वहाळाचे पाणी एप्रिल महिन्यात खाडीपर्यंत पोचते का? स्वतः जाऊन पाहा आणि वहीत लिहा.

ती चार झाकणे खाली पुठ्ठ्यावर चिकटवली आहेत. बघा, पण ओढून काढू नका.

— इयत्ता सातवीतील एक विद्यार्थी