सही देण्याआधी बैठक मागा

या महिन्याचा पाठ गोळ्या-औषधांचा नाही, बैठकीचा आहे. आरोग्याच्या पानावर बैठकीचं काय काम, असं काहींना वाटेल. पण वस्तीत जुलाबाची साथ आली, लेकरांचं लसीकरण राहिलं, गटार तुंबून डास झाले, की त्याचं मूळ पुष्कळदा एखाद्या न झालेल्या बैठकीत सापडतं. बैठक झाली असं वहीत लिहिलेलं असतं. खाली आपल्याच वस्तीतल्या बाईची सही असते. पण ती सही तिने चुलीपुढे बसून केलेली असते, कारण वही तिच्या दारात आली होती.

हा पाठ त्या सहीबद्दल आहे. रविवारी विहारात वाचावा, आणि ज्यांच्या घरात कुणी समितीचं सदस्य आहे त्यांनी आवर्जून ऐकावा.

समिती कोणती आणि कशासाठी

२००५ साली राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान सुरू झालं. त्यातून गावपातळीवर आरोग्याची समिती आली. आपल्याकडे तिला ग्राम आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समिती म्हणतात. नाव लांबलचक आहे, पण ते नीट वाचा. औषध, आहार, पाणी आणि घाण, म्हणजे वस्तीचं अर्धं दुखणं त्या एका नावात आहे.

मार्गदर्शक सूचनांनुसार या समितीत किमान १५ सदस्य असावेत. निम्म्याहून कमी महिला नसाव्यात. गावातल्या प्रत्येक वस्तीचं माणूस त्यात असावं, अनुसूचित जातीचं प्रतिनिधित्व असावं. ग्रामपंचायत सदस्य, आशा, अंगणवाडी सेविका आणि आरोग्य सेविका यांचाही त्यात समावेश असतो. बैठक दर महिन्याला व्हावी. समितीचं बँकेत वेगळं खातं असतं आणि ते दोघांच्या सहीने चालतं. वर्षाला १०,००० रुपयांपर्यंतचा अबंधित निधी या खात्यात येऊ शकतो. अबंधित म्हणजे तो कशावर खर्च करायचा हे समितीने गावाची गरज पाहून ठरवायचं.

याशिवाय प्राथमिक आरोग्य केंद्रात आणि ग्रामीण रुग्णालयात रुग्ण कल्याण समिती असते. या जागांना पगार नाही. हे स्वयंसेवेचं काम आहे. म्हणूनच पुष्कळ लोक त्याकडे मानाची जागा म्हणून पाहतात आणि काम विसरतात. आपल्याला मान नको असं नाही, पण आधी पाणी हवं.

ठराव मिळाला, पाणी मिळालं नाही

सोलापूरकरांना एक गोष्ट अभिमानाने सांगता येते. बहिष्कृत हितकारिणी सभेने ४ जानेवारी १९२५ रोजी आपल्या शहरात विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह सुरू केलं, आणि त्याला सोलापूर नगरपालिकेने दरमहा ४० रुपयांचं अनुदान दिलं. स्थानिक संस्थेने एक ठराव केला आणि तो पाळला, तर मुलांच्या पोटात अन्न जातं आणि हातात पुस्तक येतं.

दुसरी गोष्ट महाडची. ४ ऑगस्ट १९२३ रोजी सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळात मंजूर झाला. सरकारी पैशातून चालणारे पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा, इतकंच नाही तर दवाखानेही अस्पृश्य वर्गाला खुले करावेत, असं त्यात होतं. महाडच्या नगरपालिकेनेही १९२४ साली चवदार तळं खुलं केल्याचा ठराव केला. ठराव दप्तरात राहिला आणि तळ्यावर जायची कुणाची छाती झाली नाही. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब हजारो माणसं घेऊन तळ्यावर गेले, पाणी प्याले, तेव्हा त्या ठरावाला अर्थ आला. पुढे उच्च न्यायालयाचा निकाल आपल्या बाजूने लागायला १७ मार्च १९३७ उजाडलं.

या दोन्ही गोष्टी शेजारी ठेवून पाहा. कागद लागतोच, त्याशिवाय हक्क सांगता येत नाही. पण कागदामागे माणूस उभा राहिला नाही तर कागद नुसताच राहतो. १९३२ साली ग्रामपंचायतीच्या विधेयकावर बोलताना बाबासाहेबांनी दलितांच्या प्रतिनिधित्वाची हमी मागितली होती. ती जागा आज आपल्याला आहे. तिच्यावर बसायचं काम आपलं आहे.

गप्प बसणं म्हणजे होकार

२५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत बाबासाहेबांनी आठवण करून दिली की सभा चालवण्याचे नियम या देशाला नवे नाहीत. बसण्याची व्यवस्था, प्रस्ताव, ठराव, गणपूर्ती, मतमोजणी हे सगळं बुद्धांच्या भिक्खू संघाला ठाऊक होतं.

विनयात त्याची रीत आहे. प्रस्ताव आधी संघापुढे मोठ्याने मांडला जाई. महत्त्वाच्या कामात तो तीनदा विचारला जाई. ज्याला मान्य असेल त्याने गप्प राहावं, ज्याला मान्य नसेल त्याने बोलावं. म्हणजे मौनाचा अर्थ होकार. पण हा नियम न्यायाचा ठरला, कारण प्रत्येकाला समोर बसवून, ऐकवून विचारलं जात होतं.

आता दारात आलेल्या वहीचा विचार करा. प्रस्ताव ऐकवला नाही, प्रश्न विचारला नाही, तरी सही घेतली. तिथे आपलं मौन तर घेतलंच, वर होकारही लिहून घेतला. म्हणून आमचं सांगणं एवढंच: वही दारात आली तर भांडू नका. वाचा, किंवा वाचून घ्या. मग म्हणा, "दादा, बैठक कधी आहे ते सांगा, मी तिथे येऊन सही करते." एवढं एक वाक्य पुरे आहे.

बैठकीत पहिली मागणी: शेवटचा नळ

बैठकीला जाऊन मागायचं काय? एकदम दहा गोष्टी काढल्या तर एकही होत नाही. आम्ही सुचवतो की सुरुवात पाण्यापासून करा.

गावाच्या टाकीत ब्लिचिंग पावडर म्हणजे टीसीएल टाकतात. पाण्यात क्लोरीन आहे की नाही हे ओ.टी. चाचणीने कळतं. नळीत पाणी घेऊन त्यात ओ.टी. द्रावणाचे थेंब टाकायचे. पाणी पिवळं झालं तर क्लोरीन आहे. रंग बदलला नाही तर नाही. नळाच्या पाण्यात लिटरमागे निदान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक असावं लागतं.

ही चाचणी कुठे करतात हा खरा प्रश्न आहे. टाकीजवळच्या नळावर केली तर पिवळा रंग हमखास येतो. पण बऱ्याच गावांत आपली वस्ती पाइपाच्या टोकाला असते. पाणी तिथवर येईतो वाटेतल्या घाणीशी लढण्यात क्लोरीन संपून जातं. शिवाय पाणी सोडणं बंद झालं की पाइपातला दाब पडतो, आणि जिथे गळती असेल तिथून गटाराचं पाणी आत ओढलं जातं. दुसऱ्या दिवशी तेच पाणी पहिल्यांदा आपल्या घागरीत पडतं. टाकीवरची चाचणी चांगली आणि वस्तीत जुलाब, हे असं होऊ शकतं. त्यात कुणी खोटं बोललेलं नसतं, फक्त आपल्या नळापर्यंत कुणी आलेलं नसतं.

तेव्हा ठराव असा मागा: "ओ.टी. चाचणी टाकीबरोबरच वस्तीतील शेवटच्या नळावर आठवड्यातून एकदा, वस्तीतील समिती सदस्यासमोर करावी व तिची नोंद वहीत ठेवावी. जलसुरक्षकाने पाण्याचा नमुना प्रयोगशाळेसाठी घेताना एक नमुना याच नळाचा घ्यावा."

त्याबरोबर तीन साधे प्रश्न विचारा. टीसीएलची पिशवी कधी आणली? ती कोरड्या जागी, तोंड बांधून ठेवली आहे का? कारण उघडी राहिली, दमट झाली की तिचा जोर जातो. आणि पाणवठ्याच्या सर्वेक्षणानंतर गावाला लाल, पिवळं की हिरवं कार्ड मिळालं?

पाणी मार्गी लागलं की पुढच्या महिन्यात दुसरा विषय घ्या. ग्राम आरोग्य व पोषण दिन कुठे होतो, वस्तीतल्या गरोदर बायांना तिथे जायला अडचण आहे का, आरोग्य सेविकेची फेरी वस्तीत कधी असते, हे सगळं विचारायचा आपल्याला हक्क आहे.

ठराव कसा लिहून घ्यावा

"चर्चा करण्यात आली" असं वाक्य वहीत असेल तर काहीच ठरलं नाही असं समजा. ठरावात चार गोष्टी हव्यात: काम कोणतं, करणार कोण, कोणत्या तारखेपर्यंत, आणि पैसा कुठून. बैठक उठण्याआधी तो मोठ्याने वाचून दाखवा म्हणावं. तुमचं म्हणणं मान्य झालं नाही तर "अमुक सदस्याचा विरोध" असं लिहायला सांगा. सही त्यानंतर, आणि खाली कोरी जागा सोडू नका.

पैसा नाही असं उत्तर येईल. तेव्हा हे लक्षात असू द्या. समितीचा अबंधित निधी आहे. ग्रामपंचायतीने स्वउत्पन्नातला १५ टक्के भाग मागासवर्गीयांसाठी आणि १० टक्के महिला व बालकल्याणासाठी खर्च करायचा असतो. वस्तीतली गटारं, रस्ते, पाणी यांसाठी समाजकल्याण विभागाची अनुसूचित जाती व नवबौद्ध वस्त्यांच्या विकासाची योजना आहे. हिशेब मागताना आवाज चढवायची गरज नाही. आकडा विचारायचा आणि लिहून घ्यायचा.

घरच्या अडचणी

रोजंदारी बुडवून बैठकीला कोण जाणार? हा प्रश्न खरा आहे. सल्ला देणाऱ्याची मजुरी बुडत नाही, जाणारीची बुडते. त्यावर वस्तीने मिळून उपाय काढला पाहिजे. बैठक संध्याकाळी किंवा कामाच्या सुट्टीदिवशी ठेवा असा अर्ज पाच-दहा जणींनी द्यावा. ते जमत नसेल तर त्या दिवशी सदस्य बाईची लेकरं, जनावरं, स्वयंपाक शेजारणींनी वाटून घ्यावा. विहाराच्या वर्गणीतून तिचा जाण्यायेण्याचा खर्च द्यायलाही हरकत नाही. ती आपल्या सगळ्यांसाठी जाते आहे.

दुसरी अडचण बोलण्याची. भरल्या सभेत आवाज फुटत नाही, कुणी हसतं, कुणी "तुला काय कळतंय" म्हणतं. म्हणून आदल्या दिवशी विहारात बसून काय बोलायचं ते ठरवा, कागदावर मोठ्या अक्षरात लिहा, घरी दोनदा वाचा. सोबत वस्तीतली आणखी एक बाई जाऊ द्या. दोघी असल्या की धीर येतो. आणि आशाताई, अंगणवाडीताई यांना शत्रू समजू नका. त्यांच्यावरही वरून दडपण असतं. वस्तीचा ठराव असेल तर त्यांनाही वर सांगायला आधार मिळतो.

ऐकलं नाही तर

आधी ग्रामसभा. वर्षातून किमान चार ग्रामसभा व्हाव्यात आणि प्रत्येक ग्रामसभेआधी महिलांची सभा व्हावी, असा कायदा आहे. ग्रामसभेची गणपूर्ती १५ टक्के मतदार किंवा १०० मतदार, यांपैकी जी संख्या कमी ती. गणपूर्तीअभावी सभा तहकूब झाली तर पुढच्या तारखेला नक्की जा, कारण तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही आणि तिथे थोडक्या लोकांत मोठे निर्णय होतात.

तिथेही काम झालं नाही तर तालुका आरोग्य अधिकारी आणि गटविकास अधिकारी यांना लेखी अर्ज द्या व पोच घ्या. समितीचं इतिवृत्त आणि खर्चाचा तपशील माहिती अधिकारात मागता येतो. अर्जाला १० रुपये शुल्क असतं, दारिद्र्यरेषेखालील कुटुंबाला तेही नाही. उत्तर ३० दिवसांत मिळायला हवं.

आणि हे कुठे घडलेलंच नाही असं समजू नका. २००७ पासून महाराष्ट्रात आरोग्य सेवांवर लोकाधारित देखरेखीचं काम सुरू झालं. पहिल्या पाच जिल्ह्यांत आपल्या शेजारचा उस्मानाबाद, म्हणजे आताचा धाराशिव जिल्हा होता. गावकऱ्यांनी सेवेला हिरवा, पिवळा, लाल असे शेरे देऊन प्रगतिपत्रकं भरली आणि जनसुनवाईत अधिकाऱ्यांपुढे मांडली. आपल्यासारखीच माणसं होती ती.

शहरातल्या वस्त्यांसाठी

सोलापूर शहरातल्या आयाबहिणींनो, तुमच्यासाठी महिला आरोग्य समिती आहे. साधारण ५० ते १०० घरांमागे १०-१२ महिलांची समिती आणि वर्षाला ५,००० रुपयांचा निधी, अशी तिची रचना आहे. आपल्या आशाताईला विचारा, आपल्या गल्लीची समिती कुठली आणि तिच्यात कोण आहे. शहरात पाणी रोज येत नाही, त्यामुळे घरोघर पिंपं भरलेली असतात. डेंग्यूचा डास अंड्यातून बाहेर पडून उडायला आठ-दहा दिवस पुरतात. आठवड्यातून एकदा पिंप रिकामं करून घासणं, हे घराचं काम. पाण्याच्या वेळा आणि कचरागाडी, हे समितीने नागरी आरोग्य केंद्रात आणि महापालिकेत विचारायचं काम.

या महिन्याचा अभ्यास

रविवारच्या वंदनेनंतर विहारात ही चार उत्तरं वहीत लिहा.

१. आपल्या समितीत वस्तीतर्फे कुणाचं नाव आहे? त्या बाईला किंवा दादाला ते माहीत आहे का?

२. मागची बैठक कोणत्या तारखेला झाली आणि वस्तीबद्दल काय ठरलं?

३. समितीच्या खात्यावर आज किती रुपये आहेत?

४. वस्तीतला शेवटचा नळ कुणाच्या दारात आहे आणि तिथे ओ.टी. चाचणी शेवटची कधी झाली?

चारपैकी एकाचंही उत्तर मिळालं नाही तरी खचून जाऊ नका. पुढच्या बैठकीचा विषय आपोआप ठरला असं समजा, आणि जाताना सोबत एक पेन न्या.

जय भीम, नमो बुद्धाय.