खाऱ्या जमिनीतील भातरोपे व नत्राचा उपयोग

पोशीर परिसरातील खाचरांत लावणीनंतर भातरोपे पिवळी पडली, तर पुष्कळदा नत्राची उणीव हेच कारण असते. कर्जत तालुक्यात वर्षाकाठी ३,००० मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो व दिलेल्या नत्राचा बराच अंश पाण्याबरोबर वाहून जातो. परंतु याच रायगड जिल्ह्यातील पेण, अलिबाग व पनवेलकडील खारपाटात पिवळेपणाचे मूळ अनेकदा क्षारांत असते. तेथे नुसता युरिया वाढविल्यास पैसा जातो, रोप मात्र सुधारत नाही.

याची कारणे अशी :

१. जमिनीतील पाणी खारट झाले की मुळांना ते शोषणे जड जाते. पाण्याबरोबर येणारे अन्नही कमी मिळते.

२. क्षारांतील क्लोराइड नायट्रेटच्या व सोडियम पालाशाच्या शोषणात अडथळा आणते.

३. सामू जास्त असल्यास वर फेकलेल्या युरियातील नत्र अमोनिया वायूच्या रूपाने उडून जाते.

४. खत हेही क्षारच असल्याने जादा मात्रेने कोवळ्या रोपांवरील ताण वाढतो.

मातीच्या संपृक्त अर्काची विद्युतवाहकता सुमारे ३ डेसिसायमन प्रति मीटरपुढे गेली की भाताचे उत्पन्न घटू लागते. रोपावस्था व फुलोरा या दोन अवस्था विशेष नाजूक होत.

ओळख : नत्र कमी पडल्यास जुनी पाने प्रथम व सारखी फिकी होतात. क्षारांमुळे पानांची टोके पांढरी पडून करपतात आणि शेतात ठिकठिकाणी रोपे खुरटतात.

उपाय : पहिल्या पावसाचे पाणी खाचरात साठवून उघाडीतून ओहोटीच्या वेळी बाहेर सोडावे, असे दोन-तीनदा करून मगच लावणी करावी. पनवेल-१, पनवेल-२ किंवा पनवेल-३ यांसारखे क्षार सहन करणारे वाण घ्यावे. थोडी जून रोपे, चुडात जास्त काड्या ठेवून लावावी. नत्र एकदम न देता हप्त्यांनी द्यावे व त्यापूर्वी खारट पाणी काढून गोडे पाणी घ्यावे. अमोनियम क्लोराइड वापरू नये.

पोशीरसारख्या गोड्या जमिनीत चार चुडांमध्ये २.७ ग्रॅमची एक युरिया-डीएपी गोळी ७ ते १० सेंटिमीटर खोल खोचल्यास नत्राचा नाश पुष्कळ टळतो.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी माती तपासल्याखेरीज एका गावची खतमात्रा दुसऱ्या गावास सांगू नये.