पहिले मिनिट



गेल्या पावसाळ्यात एके दिवशी वर्गात नियमितपणाचे महत्त्व सांगत होतो. जो रोज थोडे करतो तो शेवटी पुष्कळ करतो, हे माझे नेहमीचे वाक्य संपताच मागच्या बाकावरील एका मुलाने नम्रपणे विचारले, "सर, मग आपण अर्ध-मॅरेथॉन धावाल का?" वर्ग हसला, मीही हसलो. परंतु घरी जाताना ते हसू ओसरले. वय चाळिशी उलटलेले, गुडघे कुरकुरणारे, वेळ नाही, शिवाय लोक काय म्हणतील, अशी चार उत्तरे मनाने तयार केली. गणित अडले म्हणजे तुम्ही मला अशीच उत्तरे देता व मी ती मान्य करीत नाही, हे तेव्हा ध्यानात आले.

ह्याच सुमारास आपल्या तालुक्यातील पिंपळीच्या श्रीमती लताबाई करे ह्यांचे स्मरण झाले. पतीच्या आजाराच्या तपासणीस पैसे नव्हते, म्हणून शेतमजुरी करणाऱ्या, साठी ओलांडलेल्या ह्या बाई 2013 साली बारामतीच्या मॅरेथॉनमध्ये ज्येष्ठांच्या 3 कि.मी. शर्यतीत नऊवारी लुगड्यानिशी अनवाणी धावल्या व पहिल्या आल्या. त्यांच्यावर 2020 साली निघालेल्या चित्रपटात त्यांनी स्वतःच आपली भूमिका केली आणि राष्ट्रीय पुरस्कारांत त्यांचा विशेष उल्लेख झाला. ह्यावरून सरावाची गरज नाही असे कोणी समजू नये. जन्मभर शेतात राबलेल्या पायांचा तो सराव होता. माझ्या देहास सराव खुर्चीचा! त्यांना पर्याय नव्हता. मला होता, म्हणून मी तयारी करणे प्राप्त होते.

आता अंतराचा विचार करू. पूर्ण मॅरेथॉनचे 42.195 कि.मी. हे अंतर 1908 च्या लंडन ऑलिंपिकमध्ये प्रथम धावले गेले व 1921 साली ते कायम ठरले. त्याचे अर्धे म्हणजे 21 कि.मी. व साडेसत्त्याण्णव मीटर. बारामती-इंदापूर रस्त्याच्या निम्म्याहूनही कमी. ह्याच वाटेने तुकोबांच्या पालखीबरोबर कितीतरी वृद्ध वारकरी दर वर्षी मुक्कामामागून मुक्काम चालत जातात. अंतर मोठे खरे, पण माणसाच्या पायांस अपरिचित नव्हे.

नियमित श्रमाने हृदय दर ठोक्यास अधिक रक्त लोटू लागते व स्नायूंत सूक्ष्म रक्तवाहिन्या वाढतात. हा लाभ काही आठवड्यांत दिसतो. हाडे व कंडरा मात्र सावकाश बळकट होतात. म्हणून दम पुरू लागताच नवशिका अधिक धावतो आणि नडगी धरून बसतो. त्याचा खरा शत्रू आळस नसून उतावीळपणा होय.

मी प्रथम डॉक्टरांकडून प्रकृती तपासून घेतली. नंतर आठवड्यातून तीन दिवस, ऊन चढण्यापूर्वी, नीरा डाव्या कालव्याच्या काठाने एक मिनिट धावणे व दोन मिनिटे चालणे, असा अर्धा तास नेम धरला. धावताना एक वाक्य सहज बोलता यावे, इतकाच वेग. शनिवारी अंतर किंचित अधिक; रविवार उपासनेचा व विश्रांतीचा, कारण श्रमाने झिजलेला देह विश्रांतीतच सुधारतो. पहिल्या दिवशी मी धापा टाकीत थांबलो, तेव्हा म्हशी हाकणाऱ्या एका गृहस्थांनी विचारले, "सर, गाडी चुकली काय?" त्या प्रश्नाची लाज त्या एका मिनिटाहून जड वाटली. तरी दुसऱ्या खेपेस गेलो. आता 6 कि.मी. न थांबता होतात.

करिंथ नगराजवळ दर दोन वर्षांनी क्रीडोत्सव भरे. तेथील मंडळीस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या 9 व्या अध्यायात पौलाने शर्यतीचा दृष्टान्त दिला आहे. त्यातही त्याचा भर आत्मसंयमनावर आहे, हे ध्यानात घ्यावे.

मुलांनो, तुम्ही एवढ्या लांब धावण्याची घाई करू नका. तुमच्या वयास लहान अंतरेच योग्य. पालकांस विनंती, की मुलगा असो वा मुलगी, खेळावयास निघाली असता परीक्षेचे निमित्त सांगून अडवू नये. जमल्यास त्यांच्यासोबत आपणही चालावे.

माझी शर्यत अद्याप व्हावयाची आहे. ती पुरी होईल की नाही, हे मी आज सांगू शकत नाही. परंतु मागच्या बाकावरील त्या विद्यार्थ्यास उत्तर देण्याचा अधिकार मला पहिल्या मिनिटाने मिळाला, एवढे खास.